आधी भंगारवाला येतो

२६ जुलै २००५ रोजी कुलाब्याच्या वेधशाळेत ७३ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४. शहर एक, महापालिका एक, मुख्यमंत्रीसुद्धा एकच. पण कुलाबा म्हणजे मंत्रालयाचा शेजार. तिथे त्या मंगळवारी छत्री उघडावी की नुसती काखेत धरावी एवढाच प्रश्न असणार. इकडे साकीनाक्याला छत्री शोधायला थेट माहीमच्या खाडीत जावं लागलं असतं. पूरग्रस्त धंदेवाल्यांना मिळणाऱ्या सरकारी मदतीचा ज्याला अभ्यास करायचा असेल त्यानं या दोन आकड्यांपासून सुरुवात करावी. मदतीचा कागद ७३ मिलिमीटरच्या भागात लिहिला जातो आणि ९४४ मिलिमीटरच्या भागात वाचला जातो.

त्याच पावसात साकीनाक्याला दरड कोसळून झोपड्यांमधली अनेक माणसं गेली. त्यात हसण्याजोगं काहीही नाही आणि या लेखाचा तो विषयही नाही. इथे बोलायचंय ते लोखंड, पुठ्ठा, प्लास्टिक आणि फायली बुडण्याबद्दल. मी साकीनाक्यातल्या काही गाळेवाल्यांचे हिशेब लिहितो, त्यांचा जीएसटी भरतो. म्हणजे पाणी माझ्याही गुडघ्यापर्यंत येतं, पण नुकसान होतं ते दुसऱ्याचं. विनोदी लिहायला एवढं अंतर पुरतं.

साकीनाका ज्यांनी फक्त मेट्रोच्या खिडकीतून पाहिलाय त्यांना तो कळलेला नाही. २०१४ पासून मेट्रो आमच्या डोक्यावरून जाते आणि वरच्या माणसाला खाली फक्त रिक्षांची टपं दिसतात. त्या टपांच्या पलीकडे, साकीविहार रोडला, खैरानी रोडला, काजूपाड्यात, जरीमरीत, गाळ्याला गाळा चिकटून जे जग आहे तिथे तुमच्या कुकरच्या हँडलचा स्क्रू होतो, तुमच्या सोसायटीची पितळी पाटी होते, मिठाईचा खोका होतो, जीन्सची बटणं होतात आणि दिवाळीत तुम्ही 'घरगुती' म्हणून घेता ती चकलीही होते. एका गाळ्यात लेथ, शेजारी पॉवर प्रेस, वरच्या माळ्यावर शिलाई, आणि माळ्याच्या जिन्याखाली एक माणूस दिवसभर काहीतरी सोल्डरिंग करत बसलेला. त्याचा वरच्यांशी किंवा खालच्यांशी काय संबंध आहे, हे मी विचारायचं सोडून दिलंय. तो भाडं देतो, एवढं कळतं.

या सगळ्याच्या मागून मिठी जाते. विहार आणि पवई तलावांचं भरून वाहणारं पाणी घेऊन ती निघते आणि साधारण अठरा किलोमीटरवर माहीमच्या खाडीला मिळते. विहार तलाव १८६० चा, म्हणजे इंग्रजांनी बांधलेला. धबधबे, घाट, नदीकाठची देवळं असलं मिठीचं काही नाही. आमच्याकडे तिला नाला म्हणत. ती नदी आहे हे बऱ्याच जणांना कळलं ते २००५ साली, आणि तेही तिनंच घरी येऊन सांगितलं म्हणून. त्यानंतर तिच्या विकासासाठी आणि संरक्षणासाठी प्राधिकरण स्थापन झालं. संरक्षण नदीचं. आमचं नाही.

जुन्या गाळ्यांत भिंतीवर पाण्याच्या खुणा असतात. कुणी ऑइलपेंटनं रेघ मारून साल लिहून ठेवलंय. २००५ ची रेघ ट्यूबलाइटच्या जवळपास, मग खाली २०१७ ची, मग २०१९ ची. नवा भाडेकरू गाळा बघायला आला की मालक त्या रेघांवर कॅलेंडर लावतो. कॅलेंडर जरा जास्तच लांब वाटलं तर भाडं कमी करून मागावं.

तर पाणी ओसरतं. भरती उतरली की मुंबईचं पाणी निघून जातं, हा या शहराचा गुण आहे आणि मदतीच्या बाबतीत तोच दोष ठरतो. कारण नियमात एक जागा अशी आहे की घर पूर्ण वाहून गेलेलं तरी हवं, नाहीतर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात बुडालेलं हवं, मगच कपड्यालत्त्याची आणि भांड्याकुंड्याची मदत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली बुडालेलं असताना मोफत धान्याच्या शासन निर्णयात ही दोन दिवसांची अट आली आणि केवढा गदारोळ झाला होता. सांगलीचं पाणी निदान आठवडाभर राहिलं. आमचं पाणी संध्याकाळी येतं, रात्रभर मोटारी, रिळं, हिशेबाच्या वह्या बघून घेतं आणि सकाळी दहाच्या सुमाराला मागे चिखल ठेवून जातं. मुक्काम करत नाही. मुक्कामाचा पुरावा मागणाऱ्यांना आम्ही काय दाखवायचं?

पाणी उतरल्यावर गाळ्याच्या दारात सगळ्यात आधी कोण येतं? पोलीस नाही, पालिका नाही, विमावाला नाही. भंगारवाला येतो. ढकलगाडी, वजनकाटा आणि पायात चिखलानं आकार गेलेली चप्पल. "क्या शेठ, निकालना है क्या?" एवढंच विचारतो. जळालेली मोटर उचलून बघतो, तांबं किती निघेल ते मनात मोजतो आणि भाव सांगतो. रेशनकार्ड मागत नाही, मतदार यादीतलं नाव विचारत नाही, मोटर कुठल्या सालची, तिचं बिल कुठाय, ती खरोखर तुमचीच कशावरून, काही नाही. किलोचा भाव, रोख पैसे, जागेवर. नुकसानीचं मूल्यांकन करायला यानंतर जे जे येतात त्यांच्यात सांगितलेला आकडा त्याच दिवशी हातात ठेवणारा हा एकटाच. भाव कमी देतो हे कबूल. पण देतो.

मग येतात लोकप्रतिनिधी. त्यांच्याबरोबर फोटो काढणारा मुलगा असतो आणि बिस्किटांचे पुडे असतात. पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या आमच्या बॉक्सवाल्या शेठना एकदा बिस्किटांचा असाच एक खोका मिळाला, त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "आपलाच माल आहे. तीन महिन्यांचं पेमेंट बाकी आहे याचं."

आणि त्यानंतर, दोन दिवसांनी म्हणा, आठवड्यानं म्हणा, पंचनामा येतो.

महसूल खात्याच्या दप्तरात आम्ही अजून मोहिली, असल्फा अशा गावांमध्ये राहतो. शेतं, बांध, तलाठी. आता तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असं २०२४ साली ठरलं. ज्या ग्रामात शेवटचं भात कधी लावलं होतं हे कुणाला आठवत नाही, त्या ग्रामाचा हा अधिकारी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, प्लॅस्टिकच्या पिशवीत पॅड घेऊन गाळ्याच्या दारात उभा असतो. त्या बिचाऱ्याचाही दोष नसतो. त्याच्या एका दिवसाच्या यादीत इतके गाळे असतात की लग्नाच्या हंगामातला भटजी बरा. ओल्या कागदावर बॉलपेन चालत नाही. तो पेन झटकतो, पुन्हा लिहितो. पंच म्हणून एक चहावाला आणि बॉक्सवाले शेठ.

"पाणी कुठवर होतं?"

"इथवर," चहावाला छातीला हात लावतो.

"नाही, इथवर," बॉक्सवाले कमरेला हात लावतात.

दोघंही खरं बोलतात. चहावाला पाच फूट आहे आणि शेठ सहा फुटाला दोन बोटं कमी. अधिकारी दोघांकडे बघतो, भिंतीकडे बघतो, कॅलेंडर बाजूला करतो आणि लिहितो, 'अंदाजे साडेतीन फूट'. सरकारी कागदावर 'अंदाजे' हा शब्द माणसाला लिहिता येतो तोवर माझा सरकारवर विश्वास आहे.

"काय काय गेलं?"

"साहेब, चाळीस पेट्या तयार माल होता. सगळा वाहून गेला."

"कुठाय?"

"वाहून गेला, साहेब."

"मग मी बघू काय? दिसतंय ते लिहितो मी. गेलेलं कसं लिहू?"

यावर उत्तर नाही. पंचनाम्यात उरलेलं मोजतात. ज्याचा माल जागच्या जागी कुजला त्याचं नुकसान झालं. ज्याचा वाहून गेला त्याचा गाळा नुसताच स्वच्छ झाला. म्हणून अनुभवी गाळेवाला पंचनामा होईपर्यंत गाळ्यातली काडी हलवत नाही. भिजलेला पुठ्ठा, फुगलेलं प्लायवूड, गंजायला लागलेल्या डाय, सगळं नीट मांडून ठेवतो आणि दर्शनाची वाट बघतो. मधल्या काळात पालिकेची गाडी भोंग्यावरून सांगत जाते, की चिखल आणि सडका माल त्वरित काढून टाका, लेप्टोचा धोका आहे. एक खातं म्हणतं हात लावू नका, दुसरं म्हणतं ताबडतोब उचला. गाळेवाला दोघांचंही ऐकतो: अर्धा उचलतो, अर्धा ठेवतो. मग अर्ध्याचाच पंचनामा होतो आणि अर्ध्याचाच लेप्टो.

आता दर. आपत्ती प्रतिसाद निधीचे निकष मी एकदा शांतपणे वाचले, आणि सगळ्यांनी वाचावेत असं मला वाटतं, कारण त्यात या देशाला काय बुडू शकतं याची कल्पना आहे. २०२२ च्या निकषांत दुभती म्हैस ३७,५०० रुपये. शेळी ४,०००. कोंबडी नगाला १००. मच्छीमाराची होडी आहे, जाळं आहे. हातमागवाला आणि हस्तकलावाला आहे, त्याला हत्यारांसाठी ५,००० आणि कच्च्या मालासाठी ५,०००. हे असायलाच हवं, कुणी कमी म्हणेल तर मीही म्हणेन. पण लेथ नाही. पॉवर प्रेस नाही. मोल्डिंग मशीन नाही. देशाच्या आपत्तीच्या यादीत कारखाना बुडतच नाही. बुडतं ते खेडं. लेथवाल्या काकांना हे वाचून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ मशीनकडे बघत राहिले आणि म्हणाले, "दूध देत नाही ना. तिथे आपण मार खाल्ला."

दुकानदार आणि टपरीवाला यांना आत घेतलं ते राज्यानं, स्वतःच्या तिजोरीतून. २०१९ च्या महापुरात छोट्या व्यावसायिकांना नुकसानीच्या ७५ टक्के किंवा ५०,००० रुपये, यांतलं जे कमी असेल ते. २०२१ च्या २२ जुलैला वाशिष्ठीनं चिपळूणची बाजारपेठ अख्खी गिळली, त्यानंतर साडेअकरा हजार कोटींचं पॅकेज आलं, त्यातही दुकानदाराला ५०,००० पर्यंत, टपरीधारकाला १०,००० पर्यंत. सप्टेंबर २०२३ मध्ये नागपूर पाण्यात गेलं, तिथेही हेच दोन आकडे. चिपळूणचा पूर वेगळा, कोल्हापूरचा वेगळा, नागपूरचा आणखी वेगळा, पण पन्नास हजार तेवढे न बुडता तरंगत राहिले. २०१९ पासून तांबं महागलं, मजुरी वाढली, मोटर रिवाइंड करणाऱ्यानं बोर्डावरचा भाव किती वेळा खोडून लिहिला. शासन निर्णयातला आकडा मात्र आमच्या भिंतीवरच्या २००५ च्या रेघेसारखा, एकदा मारली की मारली.

बरं, ७५ टक्क्यांचं गणितही मजेचं आहे. पूर्ण ५०,००० मिळवायचे तर तुमचं नुकसान निदान ६६,६६७ रुपयांचं व्हायला हवं. म्हणजे सहा लाखांचं झालं तरी तेवढेच. माझ्याकडे एक गृहस्थ विचारायला आले होते, "साडेसहासष्ट हजारांचं झालंय, अजून थोडं काही बुडवून घेऊ का?"

दुकान कुठे संपतं आणि टपरी कुठे सुरू होते, यात चाळीस हजारांचा फरक आहे. त्यामुळे एरवी पालिकेची गाडी आली की "साहेब, टपरी आहे हो, उचलतो लगेच" म्हणणारा पुराच्या आठवड्यात "साहेब, दुकान आहे, तीन भिंती आहेत" म्हणायला लागतो. चौथी भिंत कुठाय असं विचारलं तर मिठीकडे बोट दाखवतो.

पण आमची खरी दांडी उडते ती पात्रतेच्या ओळीत. मदत घेणारा स्थानिक रहिवासी हवा, त्याचं नाव स्थानिक मतदार यादीत हवं, तो रेशनकार्डधारक हवा आणि दुकान अधिकृत हवं. चिपळूणच्या पेठेत ही ओळ शोभते. खाली दुकान, वर घर, रेशनकार्ड देव्हाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये आणि मतदान केंद्र मागच्या शाळेत. साकीनाक्यातला माणूस असा एका जागी सापडत नाही. तो राहतो नालासोपाऱ्याला, कारण तिथलं भाडं परवडतं. मत देतो साताऱ्याला किंवा जौनपूरला, कारण तिथे भाऊ उभा असतो. रेशनकार्ड आईच्या नावावर, आई गावाला. गाळा मामाच्या नावावर, मामा वारला. गुमास्ता लायसन भागीदाराच्या नावावर आणि भागीदार दुबईत. धंदा तेवढा पूर्णपणे याचा. पाणी आलं ते थेट यालाच शोधत आलं, पाण्याला पत्ता बरोबर सापडला. मदतीला मात्र हा माणूस चार तालुक्यांत मिळून अर्धासुद्धा सापडत नाही. सरकारी नकाशाचं तरी काय सांगावं, आमच्या कुर्ला तालुक्याचं तहसील कार्यालय मुलुंडला आहे. तिथे जाऊन "तुम्ही गाळ्याच्या पत्त्यावर राहत नाही" हे ऐकून घ्यायला जरा जड जातं, इतकंच.

आणि कागद. अहो, कागदच तर भिजलेत! पुरानंतरच्या पहिल्या उन्हात खैरानी रोडच्या गल्ल्यांमधून चालत जा. दोरीवर चादरी नसतात, कागद असतात. गुमास्ता, उद्यमचं प्रमाणपत्र, लीव्ह अँड लायसन्सचा करार, लाइट बिलं, सगळ्यांना कपड्यांचे चिमटे लावलेले. रबरी शिक्क्याची जांभळी शाई पसरून अधिकाऱ्याची सही आणि अशोकस्तंभ यांचं एकच ढगासारखं चित्र झालेलं. गारमेंटवाल्या ताईंकडे स्टीमची इस्त्री आहे. त्या सुती कापड मध्ये घालून गल्लीतल्या सगळ्यांचे करार इस्त्री करून देतात. एकाला त्या म्हणाल्या, "दादा, भाडं किती लिहिलं होतं तेवढं पुसलंय, बाकी अंगठे राहिलेत." आणि सगळ्या नाक्यावर पहिलं शटर उघडतं ते झेरॉक्सवाल्याचं. त्याची दोन मशीन बुडतात तेव्हा तिसरं माळ्यावर असतं. पूर आल्यानंतर महिनाभर ज्याच्या दारात रांग आहे असा धंदा साकीनाक्यात हा एकच, म्हणजे पूरग्रस्तांची नुकसानभरपाई मिळाली ती यालाच, असं म्हणायला हरकत नाही.

विमा काढलेला असतो ना, असं शहाणी माणसं विचारतात. असतो. बँकेनं कर्ज देताना काढायला लावलेला असतो आणि तो गाळेवाल्यानं कधी वाचलेला नसतो, कारण पॉलिसी बँकेच्या फायलीत आणि हप्ता याच्या खात्यातून. पाणी आलं की ती बाहेर निघते. मग कळतं की पॉलिसीत गाळा नंबर ७ आहे आणि माल होता १७ मध्ये. एका आकड्याची चूक, पण सर्व्हेअर म्हणतो, ७ मध्ये तर पाणीच शिरलं नाही, तो पहिल्या मजल्यावर आहे. हा सर्व्हेअर नावाचा माणूस फार सभ्य असतो. बूट भिजू न देता उड्या मारत येतो, पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यात बोट खुपसून ओल किती आत गेलीय ते बघतो, आणि म्हणतो, "मधले खोके कोरडे आहेत." शेठ म्हणतात, "साहेब, मधले घेऊन मी काय करू? बाहेरच्यांशिवाय मधले नसतात." मग घसारा वजा होतो. मशीन जुनं असल्याबद्दल. मग भंगाराची किंमत वजा होते, तीही भंगारवाल्यानं दिलेली नव्हे तर त्यानं द्यायला हवी होती ती. मग माल वीस लाखांचा होता आणि विमा दहाचाच काढला होता म्हणून उरलेल्याचंही निम्मं. २०२१ च्या एप्रिलपासून लहान धंद्यांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची सुटसुटीत पॉलिसी आली आहे, एका जागेवर पाच कोटींपर्यंतच्या धंद्यासाठी. त्यात विमा पंधरा टक्क्यांपर्यंत कमी काढलेला असला तर त्याबद्दल कापत नाहीत. ही खरोखर चांगली गोष्ट आहे. विनोदी लेखात चांगली गोष्ट दामटून सांगायची नसते, पण सांगून ठेवतो.

माझा स्वतःचा विषय जीएसटी. तिथे तर कायद्यानं कमाल केलीय. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) मध्ये म्हटलंय की जो माल हरवला, चोरीला गेला, नष्ट झाला, किंवा भेट म्हणून अथवा फुकट नमुने म्हणून वाटला, त्याच्या खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. घेतली असेल तर परत करा. म्हणजे चाळीस पेट्या मिठीनं नेल्या, त्या पेट्यांच्या कच्च्या मालावर भरलेला कर आता पुन्हा आपल्या खिशातून जमा करायचा. हे जेव्हा मी लेथवाल्या काकांना सांगतो तेव्हा ते मलाच सरकार समजून बघतात. "म्हणजे पाण्यानं नेलं ते मी फुकट वाटलं असं धरणार?" काका, अगदी तसं नाही, पण पोटकलम एकच आहे.

बँकांचं थोडक्यात आटोपतो, कारण त्यांचंही पुराच्या दिवसांत थोडक्यातच असतं. नैसर्गिक आपत्तीत कर्जाचे हप्ते पुढे ढकलता येतात, रिझर्व्ह बँकेच्या तशा सूचना आहेत. हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. अमेरिकेत लघुउद्योगांसाठीचं सरकारी खातं पूरग्रस्त धंद्याला वीस लाख डॉलरपर्यंत देतं असं ऐकून आमच्या इथे एकदा फार उसासे टाकले गेले. ते कर्ज असतं, अनुदान नव्हे, आणि त्यासाठीही कराची जुनी विवरणपत्रं दाखवावी लागतात, हे सांगितल्यावर मंडळींना जरा बरं वाटलं. समुद्रापलीकडेही झेरॉक्सवाल्याचं चांगलं चाललंय म्हणायचं.

एक गोष्ट मात्र मला राहून राहून टोचते. मिठीतला गाळ काढायला दरवर्षी कंत्राटं निघतात. गाळ वजनावर मोजतात, टनाला दर असतो. २०२५ मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेनं या गाळाच्या कामात सुमारे ६५ कोटींचा घोटाळा झाल्याचा गुन्हाही दाखल केला. खरंखोटं न्यायालय ठरवेल. पण विचार करा, तोच गाळ, त्याच नदीचा, नदीत असला की टनाला पैसे. गाळ्यात आला की आपल्या खर्चानं, आपल्या घमेल्यानं, आपल्या पोरांना जास्तीचा वडापाव देऊन काढायचा. पुढच्या खेपेला गाळेवाल्यांनी नुकसानभरपाईचा अर्ज करूच नये. काढलेल्या गाळाचं बिल लावावं.

मग धंदे पुन्हा उभे कसे राहतात? कारण राहतात हे तर दिसतंच. पूर येऊन पंधरवडा व्हायच्या आत खैरानी रोडला पुन्हा पॉवर प्रेसचा ठोका ऐकू येतो. मशीनला डिझेलनं आंघोळ घालतात, मोटरीत हॅलोजन सोडून ती सुकवतात, ज्या सुकत नाहीत त्या वाइंडिंगवाल्याकडे जातात आणि तिथे दवाखान्यासारखे नंबर लागतात. कामगार दोन दिवसांची हजेरी सोडून साफसफाई करतात. पैसे भिशीतून येतात. नंबर नसला तरी पुराच्या महिन्यात नंबर बदलून देतात, यावर भिशीत कधी चर्चा झालेली मला आठवत नाही. आणि माल येतो नागदेवीहून, लोहार चाळीतून, उधारीवर. नागदेवीच्या व्यापाऱ्यानं लेथवाल्या काकांना फोनवर एवढंच विचारलं होतं, "काका, पाणी किती होतं?" काका म्हणाले, "कमरेएवढं." तो म्हणाला, "मग दिवाळीनंतर द्या." त्यानं कमरेची उंची विचारली नाही.

शासनाला हे जमणार नाही, जमू पण नये. तो जनतेचा पैसा आहे, काहीतरी पुरावा मागावाच लागतो. तर माझी हिशेबनिसाची एक सूचना आहे. रेशनकार्ड सोडा, मतदार यादी सोडा. लाइट बिल बघा. गाळ्यात धंदा चालू होता की नाही, किती चालू होता आणि कुठल्या दिवशी बंद पडला, हे मीटरइतकं खरं कुणी सांगत नाही, मी लिहिलेले हिशेब तर नाहीच नाही. मागच्या बारा महिन्यांची युनिटं काढा, पूर आला त्या महिन्याची काढा, फरकावर दर बांधा आणि मदत बिलातच वळती करा. पोटभाडेकरूकडे सबमीटर असतो आणि त्याची पावती मालक वहीच्या कागदावर लिहून देतो; ती पावतीही धरा. अंदाजे साडेतीन फूट चालतं, तर अंदाजे दोनशे युनिटं का चालू नयेत?

ही सूचना कुणी मान्य करेल तेव्हा करेल. तोवर गाळेवाल्यांनो, यंदा मे महिन्यात बँकेतून आपल्या पॉलिसीची प्रत मागून घ्या, ती उजेडात धरा आणि त्यातला गाळा नंबर मोठ्यानं वाचा. चुकला असेल तर दुरुस्तीचा अर्ज द्या, पोच घ्या, आणि ती पोच माळ्यावर ठेवा.